रमजान आणि रन्दान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आज तुम्हाला भूमध्य समुद्रातल्या एका लहानशा बेटावर घेऊन जायचं आहे. नकाशात इटलीचा बूट शोधा. बुटाच्या टोकाशी सिसिली आहे. तिथून बोट थोडं खाली सरकवलं की दोन-तीन ठिपके लागतील. हा माल्टा देश. सगळी बेटं मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईहूनही लहान. त्यातलं थोरलं बेट माल्टा आणि धाकटं गोझो. गोझो तर अवघं ६७ चौरस किलोमीटर. ते एका दिवसात पाहून होतं, असं सगळे सांगतात. रस्ते पाहून होतात, हे खरं आहे.

माझा पुतण्या नोकरीच्या निमित्ताने माल्टात असतो. त्याच्याकडे आम्ही दोघं २०२५ च्या मार्चमध्ये गेलो होतो. गोझोला जायचं ठरलं तेव्हा त्याने चाळीस माणसांच्या बसऐवजी आम्हा दोघांसाठी खासगी गाइड ठरवली. गाडी तिची, वेळ आमची. माझ्यासारख्या माणसाला हा थाट जरा जास्तच वाटतो. पण त्याचं म्हणणं रास्त होतं. रमजान चालू होता आणि माझे रोजे होते. बसच्या सहलीत दुपारचे दोन तास जेवणात जातात. शिवाय माझ्या पत्नीचे गुडघे. प्रवासात रोजा न धरण्याची मुभा आपल्या धर्मात आहे, पण मार्चमधली तिथली हवा गार, दिवसही फार मोठा नव्हता, म्हणून मी धरला होता. पत्नीची रक्तदाबाची औषधं चालू असल्याने ती धरत नाही. त्यामुळे या भाषणात गोझोच्या खाण्याबद्दल जे काही येईल, ते तिच्या जिभेवरून घेतलेलं आहे.

माल्टाच्या उत्तर टोकाला चिरकेव्वा नावाचा धक्का आहे. तिथून मोटारींसकट माणसं वाहून नेणारी मोठी बोट सुटते आणि पंचवीसेक मिनिटांत गोझोच्या इम्जार बंदराला लागते. जाताना कुणी तिकीट मागितलं नाही. मी खिशात हात घालून उभा, आणि मागणारा कुणी नाही! नंतर कळलं, भाडं परत येताना घेतात. बेटावर गेलेला माणूस परत येणारच, हा हिशेब.

धक्क्यावर आमच्या गाइडबाई उभ्या होत्या. वय पन्नाशीच्या आसपास, गळ्यात सरकारी परवान्याचं ओळखपत्र. जन्म याच बेटावरचा. गाडीत बसताना त्यांनी पाण्याच्या बाटल्या पुढे केल्या. माझा उपवास असल्याचं पत्नीने सांगितलं. बाई म्हणाल्या, “अरे वा, माझंही रन्दान चालू आहे.”

मला वाटलं, बाईंनी ‘रमजान’ हा शब्द त्यांच्या पद्धतीने उच्चारला. तसं नव्हतं. ख्रिस्ती लोक ईस्टरच्या आधी चाळीस दिवस व्रतस्थ राहतात, त्याला माल्टाच्या भाषेत ‘रन्दान’ म्हणतात. हा शब्द थेट ‘रमदान’वरून आलेला आहे. ईस्टरला ते ‘एइद’ म्हणतात. तीच आपली ईद. आणि देवाला म्हणतात ‘अल्ला’. हे सगळं मला एका कॅथलिक बाई सांगत होत्या. गाडीच्या आरशाला त्यांनी मरियमची छोटी तसबीर टांगलेली होती, आणि इंग्रजांच्या शिरस्त्याप्रमाणे, म्हणजे आपल्यासारखंच, गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालली होती.

याचा इतिहास थोडक्यात सांगतो. इसवी सन ८७० मध्ये अरबांनी माल्टा घेतलं. १०९१ मध्ये सिसिलीचे नॉर्मन आले, राजा ख्रिस्ती झाला, तरी मुसलमान रयत पुढे दीडेकशे वर्षं तिथे नांदत होती. तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या काळात इस्लाम तिथून घालवण्यात आला. पण लोकांच्या तोंडी बसलेली अरबी काही गेली नाही. ती तिथेच मुरली, सिसिलीची आणि इटलीची बोली तिच्यात मिसळली, पुढे इंग्रजीही आली. आज माल्टी भाषेतले जवळजवळ निम्मे शब्द इटालियन वळणाचे आहेत. पण रोजचे, अगदी जवळचे शब्द आणि व्याकरणाचा सांगाडा अरबीचाच राहिला आहे. लिपी मात्र रोमन. माल्टा २००४ साली युरोपीय संघात गेलं, तेव्हा त्या संघाच्या अधिकृत भाषांमध्ये अरबी कुळातली ही एकच भाषा दाखल झाली.

पुस्तकात हे मी वाचलं असतं तर ‘असं का!’ म्हणून पान उलटलं असतं. पण गाडीत बसल्या बसल्या बाई एकेक शब्द सांगायच्या आणि मी मनात त्याचा मराठी भाऊ शोधायचो. जग म्हणजे ‘दिन्या’. आपली दुनिया. वर्ष म्हणजे ‘सेना’. पत्नी म्हणाली, “अहो, वर्षाला सेना कसं म्हणतात?” मी म्हटलं, “आपण सन म्हणतो ना, तोच.” न्यायाला त्यांचा शब्द आपल्या ‘हक्क’चा सख्खा भाऊ. गरिबाला शब्द आहे फकिराचा. ‘क’ मात्र हे लोक पुष्कळदा गिळून टाकतात, त्यामुळे शब्द ओळखायला दोन क्षण लागतात. माणसाला म्हणतात ‘ब्नीदेम’, म्हणजे ‘बनी आदम’, आदमची लेकरं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. बाई म्हणाल्या, रन्दानमधल्या शुक्रवारी मी मांस खात नाही. शुक्रवारला शब्द? ‘जिमा’. आपला जुम्मा. हा सारा देश शुक्रवारी मासे खातो आणि त्या दिवसाला जुम्मा म्हणतो.

गावांची नावंही तशीच. खुद्द बेटाला स्थानिक लोक गोझो म्हणतच नाहीत, ‘आउदेश’ म्हणतात. एका गावाचं नाव नदूर, म्हणजे टेहळणीची जागा. आपल्या ‘नजर’चंच मूळ. पश्चिमेच्या गावाचं नाव आर्ब, म्हणजे अरबीतला ‘गर्ब’, पश्चिम. बेटाच्या मुख्य शहराला इंग्रजांनी १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ‘व्हिक्टोरिया’ हे नाव दिलं. पाट्यांवर ते आहे. लोक मात्र अजून ‘रबात’च म्हणतात. तांबूस वाळूचा एक सुंदर किनारा वरून पाहिला, त्याचं नाव रमला. अरबीत रमल म्हणजे वाळू. वाळूवर ठिपके काढून भविष्य सांगायची जी विद्या आपल्याकडे पोहोचली, तिचं ‘रमल’ हे नाव त्याच वाळूचं. होमरच्या महाकाव्यातल्या ओडिसियसला कॅलिप्सोने सात वर्षं अडकवून ठेवलं, ते याच किनाऱ्यावरच्या गुहेत, असं तिथे सांगतात. गुहेत उतरता येत नाही. किनारा पाहिल्यावर सात वर्षांचं फारसं नवल वाटत नाही.

शारा गावातल्या जिगान्तिया मंदिरांचा मात्र उल्लेख केलाच पाहिजे. इसवी सनापूर्वी सुमारे ३६०० वर्षं, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधी, लोखंड माहीत नसलेल्या माणसांनी एवढाले दगड एकावर एक चढवले. लोककथा सांगते की सान्सुना नावाच्या राक्षसिणीने एका खांद्यावर बाळ घेऊन हे दगड वाहिले. आपल्याकडे असं काही दिसलं की पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणतात. तिथे पांडव नाहीत, म्हणून लेकुरवाळी राक्षसीण. मला ती पांडवांपेक्षा जास्त पटली.

रबातच्या मधोमध टेकडीवर किल्ला आहे. मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड, आणि तटावर उभं राहिलं की मार्चमधलं हिरवं बेट सगळ्या बाजूंनी समुद्रापर्यंत दिसतं. इथे आल्यावर बाई जरा थबकल्या. मग म्हणाल्या, “आता जे सांगायचं आहे ते तुर्कांबद्दल आहे. तुम्हाला चालेल ना?”

माझ्या आयुष्यात हा प्रश्न शब्द बदलून अनेकदा आला आहे. शाळेत इतिहासाचा एखादा धडा सुरू झाला की गुरुजी असेच माझ्याकडे एकदा बघून घ्यायचे. मी म्हटलं, सगळं सांगा.

१५५१ च्या जुलैत सिनान पाशा आणि दर्यावर्दी तुर्गुत यांचं उस्मानी आरमार गोझोवर आलं. लोक या किल्ल्यात शिरले. किल्ला पडला. बेटावरची पाचेक हजार माणसं गुलाम म्हणून जहाजांत भरून लिबियाच्या किनाऱ्याला नेली. म्हातारीकोतारी तेवढी मागे राहिली. किल्ल्यातल्या एका गल्लीला बेर्नार्दो नावाच्या सिसिलीच्या शिपायाचं नाव आहे. बायको-मुली गुलामीत जाऊ नयेत म्हणून त्याने त्यांना स्वतःच्या हाताने मारलं आणि मग लढून मेला, असं सांगतात. पुढे १६३७ पर्यंत असा दंडक होता की रात्र झाली की बेटावरच्या लोकांनी किल्ल्यात येऊन झोपायचं. दिवसभर शेतात राबायचं आणि अंधार पडायच्या आत वर चढायचं. बाई हे सांगत असताना माझ्या पत्नीने शाल अंगाभोवती घट्ट ओढून घेतली. ‘सातच्या आत घरात’ आपण मुलींना सांगतो, इथे पिढ्यान् पिढ्या साऱ्या बेटालाच सांगितलं होतं.

मग बाईंनी आपण होऊन पुढचंही सांगितलं. माल्टावर तेव्हा सेंट जॉनच्या सरदारांचं राज्य होतं. त्यांची जहाजंही मुसलमानांच्या किनाऱ्यांवर छापे घालत आणि माणसं धरून आणत. त्या गुलामांना जहाजांवर वल्ही मारायला बसवत, बाजारात विकत. नेपोलियनने १७९८ मध्ये माल्टा घेतलं तेव्हा कुठे ती गुलामगिरी बंद झाली. “दोन्हीकडच्या आया रडत होत्या,” बाई म्हणाल्या, “आणि गंमत बघा, बहुतेक एकमेकींना समजेल अशाच भाषेत.” गंमत हा शब्द त्यांनी वापरला खरा, पण त्या हसत नव्हत्या.

किल्ल्याच्या दरवाजाशीच पुराणवस्तूंचं छोटं संग्रहालय आहे. ज्यासाठी मी हे सगळं सांगतो आहे, ती वस्तू तिथे आहे. एक संगमरवरी शिळा. मूळची रोमन काळातली, मागच्या बाजूला जुनं कोरीवकाम आहे. पुढच्या बाजूला कूफी वळणाच्या अरबी अक्षरांत एका मुलीच्या कबरीचा लेख. मुलीचं नाव मैमूना, बापाचं नाव हसन. मृत्यू हिजरी सन ५६९, शाबान महिन्याची १६ तारीख, म्हणजे २१ मार्च ११७४. गादीवर ख्रिस्ती राजा येऊन तेव्हा ऐंशीहून जास्त वर्षं झाली होती. तरी इथल्या एका बापाने आपल्या लेकीसाठी रोमनांचा दगड घेऊन त्यावर अरबीत काव्य कोरून घेतलं होतं. त्या लेखात मैमूना पाहणाऱ्याशी बोलते.

लहानपणी मोहल्ल्याच्या मकतबात मी अरबी वाचायला शिकलो. वाचायला म्हणजे अक्षर लावून म्हणायला. अर्थ थोडाच कळतो. कूफी अक्षरांना नुक्ते नसतात, त्यामुळे ती मला धड लावताही येत नव्हती. शेजारच्या इंग्रजी माहितीचा आधार घेत, अंदाज बांधत मी दोन-चार शब्द मोठ्याने म्हटले. ‘मौत’ म्हटलं. बाई म्हणाल्या, “मेऊत! मृत्यू.” ‘कब्र’ म्हटलं. बाई क्षणभर थांबल्या, मग ‘क’ गिळून म्हणाल्या, “आबार. थडगं.” त्या शेकडो पाहुण्यांना घेऊन त्या शिळेपुढे उभ्या राहिल्या असतील. त्यातली अक्षरं त्यांना परकी, चित्रासारखी. मला अक्षरं ओळखीची, पण मी ती म्हणतो तेव्हा त्यांच्या घरात रोज बोलतात ते शब्द होतात. आणि ‘कबर’ तर आम्हा दोघा नवरा-बायकोलाही मराठीतच आली. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या एका मुलीचा निरोप वाचायला आम्ही तिघं लागलो, तरी पुरा लागला नाही.

संग्रहालयातून बाहेर आल्यावर मी बाईंना विचारलं, तुमच्या लोकांना या भाषेची लाज वाटली नाही कधी? त्या म्हणाल्या, वाटली तर! शिकलेली माणसं इटालियन बोलत, माल्टी ही स्वयंपाकघरातली आणि धक्क्यावरची. तिला अधिकृत दर्जा मिळायला १९३४ साल उजाडलं. आणि ती अरबीतून आली हे मान्य करायला विद्वान तयार नव्हते. याच गोझो बेटावरचे आजिउस दे सोल्दानिस नावाचे धर्मगुरू होते. त्यांनी १७५० मध्ये माल्टीचं व्याकरण छापलं. भाषेवर त्यांचं निरतिशय प्रेम. पण ते म्हणत, ही भाषा अरबांची नव्हे, त्यांच्याही आधीच्या प्युनिक लोकांची, कार्थेजच्या लोकांची. पुढच्या अभ्यासकांनी ते खोडून काढलं. पण मला त्या धर्मगुरूंचा राग येत नाही. शत्रूची म्हणून जिची ओळख सांगितली जाते, ती आपल्या आईची भाषा निघाली तर माणूस काय करील? आईला दुसरं माहेर शोधून देईल.

मला गेली तीस वर्षं दोन्ही बाजूंनी एकच प्रश्न येतो. कविसंमेलनानंतर कुणीतरी पाठ थोपटून म्हणतो, “तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान लिहिता!” आणि नात्यातले कुणी लग्नाच्या मांडवात म्हणतात, “मियाँ, आपली जबान सोडून हे काय?” पहिल्याला वाटतं मी त्याच्या घरात पाहुणा आलो आहे. दुसऱ्याला वाटतं मी घर सोडून गेलो आहे. मी मात्र आईने ज्या भाषेत दळण दळताना कुरकुर केली, त्या भाषेत लिहितो. तिची नमाज अरबीत होती आणि भांडण मराठीत.

शेख महंमद श्रीगोंद्यात राहून मराठीत ‘योगसंग्राम’ लिहितात. इंग्लंडहून आलेले फादर स्टीफन्स गोव्यात येशूची कथा मराठी ओवीत सांगतात. ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं तेही रोमन अक्षरांत. तिथे स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटलं. दुसरा शब्द आणायचा कुठून? लोकांच्या मनात स्वर्ग ज्या नावाने होता, तेच नाव घ्यावं लागलं. माल्टाच्या चर्चमध्ये ‘अल्ला’ राहिला तो काही वेगळ्या कारणाने राहिला असेल असं मला वाटत नाही.

दुपारी आर्ब गावाजवळच्या ता पीनू या मोठ्या चर्चमध्ये गेलो. १८८३ मध्ये इथल्या जुन्या प्रार्थनाघरात एका शेतकरी बाईला मरियमची हाक ऐकू आली, अशी श्रद्धा आहे. आताची भव्य इमारत १९२० ते १९३२ या काळात उभी राहिली. आत एक खोली नवस फेडलेल्या वस्तूंची आहे. बऱ्या झालेल्या हातापायांची प्लास्टरं, बाळांचे कपडे, अपघातातून वाचलेल्यांचे फोटो, पत्रं. माझ्या पत्नीला तिथे काहीही समजावून द्यावं लागलं नाही. आपल्या दर्ग्याच्या जाळीला बांधलेले धागे आणि देवीपुढचे पाळणे पाहिलेली बाई ती. ती बराच वेळ त्या बाळांच्या कपड्यांपुढे उभी होती.

बाहेरच्या बाकांवर चार-पाच म्हाताऱ्या जपमाळ ओढत होत्या. मरियमच्या प्रार्थनेची माल्टीतली सुरुवात कानावर आली आणि मी वळून पाहिलं. ती ‘सलाम’नेच सुरू होते. मरियमला सलाम असो. कुराणात मरियमच्या नावाची सूरा आहे, हे मी गाइडबाईंना सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. माल्टाच्या पाओला गावातल्या मशिदीचं नावच ‘मरियम अल-बतूल’ आहे, असं त्यांनीच मला सांगितलं.

नंतर पश्चिम टोकाला द्वेय्रा इथे गेलो. तिथे समुद्रात खडकाची एक प्रचंड कमान होती, जगभरच्या चित्रांत दिसायची. ८ मार्च २०१७ च्या वादळात ती कोसळली. आता तिथे नुसता समुद्र आहे, आणि दुकानात कमानीची पोस्टकार्डं. मी खडकावर चादर टाकून असरची नमाज पढलो. वारा फार होता, चादर उडत होती. बाईंनी न सांगता गाडी आणून आडोशाला उभी केली. तोवर पत्नीने ‘फ्तीरा’ नावाची भाकरीसारखी चपटी रोटी खाऊन घेतली. आत टोमॅटो, मासे, ऑलिव्ह, आणि सोबत मिरी लावलेल्या चीजच्या वाटोळ्या वड्या. तिचा अभिप्राय: चांगलं आहे, पण चटणी हवी होती.

खासगी सहलीचा फायदा विचाराल तर हाच. लेसची दुकानं, काचेच्या वस्तूंचे कारखाने, नावेतून गुहा, हे सगळं आमचं राहिलं. एका दगडापुढे पाऊण तास उभं राहता आलं. चाळीस माणसांच्या बसने तिथे दहा मिनिटं दिली असती.

सहाच्या सुमारास बाईंनी आम्हाला धक्क्यावर सोडलं. तिथे आता तिकीट लागलं. पाच युरोंच्या आतच. निघताना त्यांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. रन्दानमध्ये त्या लोकांत ‘क्वारेझिमाल’ नावाची बदामाची वडी करतात, तूप-अंडं न घालता. “उपवास सोडताना खा,” म्हणाल्या, आणि ‘साहा’ म्हणून निरोप घेतला. साहा म्हणजे सेहत, तब्येतीला जपा.

बोट सुटली तेव्हा सूर्य मावळत होता आणि समोर पूर्वेला जवळजवळ भरलेला चंद्र वर आला होता, रमजानचा तेरावा. पुतण्याने मोबाईलवर वेळ लावून दिली होती, ती वाजली. मी खजूर तोंडात टाकला, पाणी प्यालो, आणि वडी मोडली. चिवट होती, संत्र्याच्या सालीचा वास येत होता. अर्धी आम्ही दोघांनी तिथेच डेकवर उभ्याने खाल्ली. उरलेली दुसऱ्या दिवशी सहरीला संपवली.